गंज : मराठीतला आणि उर्दूतला

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन भाषा शिकवतो. दोन्ही वर्गांत एक शब्द आला की मुले गोंधळतात. तो शब्द म्हणजे ‘गंज’. मराठीत गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबडा थर. उर्दूत तोच शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ खजिना, साठा. लोखंडाच्या गंजाला उर्दूत ‘ज़ंग’ म्हणतात. तो ‘ज़े’ने लिहायचा. ‘जीम’ने लिहिला तर ‘जंग’ म्हणजे लढाई होते. परीक्षेत दरवर्षी कोणीतरी लोखंडाला लढाई लावतो.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मात्र गंज, ज़ंग आणि जंग हे तिन्ही शब्द माझ्या अंगणात एकत्र आले. अंगणात अब्बांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती १९८९ साली घेतलेली. अब्बा जाऊन तीन वर्षे झाली. गाडी भंगारात द्यायला अम्मी तयार नाही आणि घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा या सुटीत तिचा गंज घरीच काढायचा असे मी ठरवले. ते करता करता जे वाचले, पाहिले आणि सापडले, ते इथे मांडतो आहे.

कुर्ल्याची गाडी, मेवाडचे नाव

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिचे नवे रूप ‘डिलाइट’ नावाने आले. १९७२ मध्ये तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. चित्तोडच्या ज्या राणीवरून हे नाव आले, तिची कथा मलिक मुहम्मद जायसी यांनी १५४०च्या सुमारास ‘पद्मावत’ या अवधी काव्यात सांगितली. फारसी लिपीत लिहिल्या गेलेल्या एका काव्याची नायिका चारशे वर्षांनी कुर्ल्यात बनणाऱ्या इटालियन गाडीवर येऊन बसली, ही आपल्या देशाची रीतच आहे.

या गाडीचे एक वैशिष्ट्य गंजाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जुन्या गाड्यांना खाली जाड लोखंडी सांगाडा असे, त्याला चासी म्हणतात. वरची बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असे. बॉडी सडली तरी सांगाडा शाबूत राही. फियाटने १९५३ मध्ये ११००चे जे मॉडेल काढले, त्यात वेगळा सांगाडा ठेवलाच नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळून एक पेटी केली आणि सगळा भार त्या पेटीवर टाकला. गाडी हलकी झाली, पेट्रोल कमी लागू लागले. पण त्या दिवसापासून गंज हा दिसण्याचा प्रश्न राहिला नाही. दाराखालची पट्टी सडली म्हणजे गाडीचा कणाच सडला.

गंजाविरुद्धची जंग

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज सुरू होतो. पत्र्याच्या एका जागेवरून लोखंड विरघळू लागते, दुसऱ्या जागेवर प्राणवायू आणि पाणी त्याला साथ देतात आणि मध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. पाण्यात मीठ असेल तर हा प्रवाह सहज वाहतो. म्हणून कोकणातली गाडी मराठवाड्यातल्या गाडीच्या आधी सडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आतून फुगतो आणि रंगाला फोड आणतो. आपल्याला वर फोड दिसतो, तेव्हा खाली बरेच काही घडून गेलेले असते.

माणूस या शत्रूशी फार जुन्या काळापासून लढतो आहे. दिल्लीत कुतुबच्या आवारातला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उभा आहे. तो गंजत नाही असे आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरे नाही. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर गंजाचाच एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्याने आतले लोखंड सांभाळले. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आली. गाडीच्या पत्र्याला हे सुख नाही. फॉस्फरस वाढला की लोखंड ठिसूळ होते आणि पातळ पत्रा वाकवताना तडकतो.

दुसरा उपाय म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचे पांघरूण. आपल्या मोहल्ल्यातून कल्हईवाला फिरायचा तो हेच करायचा. नवसागर टाकून तांब्या-पितळेचे भांडे तापवायचे आणि आतून कथिल फिरवायचे. ‘कल्हई’ हा शब्दच अरबी ‘क़लई’ म्हणजे कथिल यावरून आला. लोखंडाला मात्र कथिलापेक्षा जस्त चांगले. कथिलावर ओरखडा पडला की त्या जागी लोखंड उघडे पडते आणि अधिकच वेगाने गंजते. जस्तावर ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते.

हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये इंग्लंडच्या नौदलासाठी वापरून पाहिले. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे आणि समुद्राचे पाणी तो खाई. डेव्हींनी त्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबे वाचले. पण विषारी तांबे पाण्यात उतरेनासे झाले, तेव्हा तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. प्रयोग यशस्वी होऊनही नौदलाने तो सोडून दिला. पॅरिसमध्ये मलुआँ यांनी १७४२ मध्येच वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची रीत मांडली होती. तिला बाजारात आणले ते स्तानिस्लास सोरेल यांनी. त्यांचे पेटंट १८३७ सालचे. आपल्या गोठ्यावरचा पन्हाळी पत्रा त्याच पेटंटचा वंशज आहे.

यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. जस्त मिळवणे अवघड असते, कारण भट्टीत ते सुमारे ९०७ अंशांना वाफ होऊन उडून जाते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे कारागिरांनी मातीच्या बंद नळकांड्यांत ही वाफ खालच्या बाजूला थंड करून पकडली. युरोपात जस्त मोठ्या प्रमाणावर काढू लागण्याच्या कित्येक शतके आधी हे काम तिथे चालू होते. वापरून टाकलेल्या त्या नळकांड्यांच्या भिंती जावरमध्ये आजही उभ्या आहेत. जावर हे मेवाडातलेच. म्हणजे गाडीला नाव मेवाडच्या राणीचे मिळाले, मेवाडचे जस्त मात्र तिच्या अंगाला लागले नाही.

जग पुढे गेले होते. १९०६ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉस्लेट यांनी पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. १९६०च्या दशकात अमेरिकेत फोर्डने अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात रंग पोहोचवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये पोर्शने जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची बॉडी आणली. दहा वर्षांनी ऑडीही त्या वाटेने गेली. आमची पद्मिनी मात्र १९५० आणि ६०च्या दशकांतला नमुना घेऊन सन २०००च्या सुमारापर्यंत कुर्ल्यातून बाहेर पडत राहिली. परवान्यांचा काळ होता. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. ज्या गाडीसाठी माणूस रांगेत उभा आहे, तिचा पत्रा सुधारण्याची घाई कोणाला असणार?

मग गाडी टिकली कशी?

तरीही पद्मिनी टिकली. मुंबईत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. त्यांत कंपनी होती, चित्रपट होते, टॅक्सीचालक होते. डेंटर फारसे कुठे दिसले नाहीत.

खारट हवेत, दरवर्षी चार महिने पावसात भिजणारा उघडा पत्रा वीस वर्षे टिकत नाही. तो बदलावा लागतो. कारखान्याने गाडी एकदा बनवली, त्यानंतर दर चार-पाच वर्षांनी तिचा थोडा थोडा भाग गल्लीतल्या डेंटरने बनवला. कधी मडगार्ड, कधी दाराची खालची कड, कधी पायाखालचा पत्रा. पंधरा वर्षांच्या पद्मिनीत कुर्ल्याचे किती आणि गल्लीचे किती, हे मोजायला गेलो तर गल्लीचे पारडे जड भरले असते. मी पाहिलेले बहुतेक डेंटर, पेंटर आणि कल्हईवाले आपल्याच मोहल्ल्यांतले होते. शाळा चौथी-पाचवीत सुटलेली, पण हातोडी मारून आवाजावरून सांगायचे की पत्रा कुठपर्यंत जिवंत आहे. सोरेलचे पेटंट पॅरिसमध्ये नोंदलेले आहे. या माणसांचे ज्ञान कुठेच नोंदलेले नाही. उस्तादाकडून शागिर्दाकडे गेले तेवढे राहिले, बाकीचे उस्तादाबरोबर गेले.

आमच्या गावातल्या अशाच एका निवृत्त चाचांना मी अंगणात बोलावले. त्यांनी खिशातून कापडात गुंडाळलेला लोहचुंबक काढला आणि गाडीभोवती फिरवला. बॉनेटवर चिकटला, छतावर चिकटला. चालकाच्या बाजूच्या दाराखालच्या पट्टीवर निसटून खाली पडला.

“मास्तर, इथे लोखंड नाही,” चाचा म्हणाले. “इथे लांबी आहे.”

लांबी म्हणजे पुट्टी. तिचे खरे काम पत्र्यावरची बारीक उंचसखल जागा भरण्याचे. भोक बुजवणे हे तिचे काम नव्हे.

पट्टीच्या आत

ग्राइंडर लावला आणि हातभर लांबीची खपली निघाली. मागे भोक होते आणि भोकात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. पोकळ जागेत लांबी टिकावी म्हणून मागून आधार दिला होता. कागदाने वर्षानुवर्षे ओल धरून ठेवली आणि उरलेला पत्राही खाल्ला. मला संताप आला. याच गाडीत अम्मी बसायची, माझी मुले बसायची.

“कोणी केलं असेल हे?” मी विचारले.

“कोणी केलं ते विचारू नका,” चाचा शांतपणे म्हणाले. “आम्ही सगळेच करायचो. गिऱ्हाईक रंगाचे पैसे देतं, पत्र्याचे देत नाही. पत्रा दिसत नाही ना!”

कागदाचा बराचसा लगदा झाला होता. लांबीच्या पाठीला चिकटलेला तळहाताएवढा तुकडा तेवढा वाचला होता. उर्दू दैनिक होते, आमच्या घरी येणारे. वरच्या ओळीतली इंग्रजी तारीख गंजाने खाल्ली होती, हिजरी तारखेतला महिना आणि साल उरले होते. रबीउस्सानी १४२५. इतिहासाचा अभ्यासक हिजरी तारखेचे इसवी साल काढतो तसे मीही काढले. मे २००४ची अखेर ते जूनचा मध्य.

मग बाकीचा हिशेब आपोआप जुळला. गाडी १९८९ची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणून २००४ मध्ये नूतनीकरणासाठी तपासणी आली. आणि त्याच जूनमध्ये माझा बीएडचा प्रवेश झाला.

अम्मीला तो तुकडा दाखवला. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुझी फी भरायची होती. दोन्ही होत नव्हतं. अब्बा म्हणाले, सध्या रंग करून घेऊ, पत्र्याचं पुढच्या वर्षी बघू.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी तुझ्या बहिणीचं लग्न निघालं.” जराशाने तीच म्हणाली, “पण तेव्हापासून त्यांनी गाडी घाटावर कधी नेली नाही. आठवतं का?”

मला आठवले. कोल्हापूरला जायचे असले की अब्बा एसटीने जा म्हणायचे. गाडी गावात, बाजारात, नमाजला आणि दवाखान्यात, तीही हळूहळू. अब्बा वयामुळे भित्रे झाले, असे आम्ही भावंडे मागे हसून म्हणायचो. त्यांना पट्टी कुठे पोकळ आहे हे माहीत होते. त्यांनी ते अठरा वर्षे एकट्याने सांभाळले.

दुरुस्ती

पुढचे पंधरा दिवस कामात गेले. ज्यांच्या अंगणात अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो.

गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर उचलली. बॅटरी काढून बाजूला ठेवली, आतले गालिचे आणि सीट काढले, वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेली. पाण्याची बादली आणि ओले पोते हाताशी ठेवले. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घासकाम ओला पेपर घेऊन आणि तोंडाला मास्क लावून केले. दाराखालची पट्टी कापायची तेव्हा एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मध्ये वाकते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. कापताना जिवंत पत्र्यापर्यंत जायचे. इथे दयामाया दाखवली की दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच काम.

कापलेल्या जागेचा नमुना आधी पुठ्ठ्यावर काढला, मग पत्र्यावर. वेल्डिंग चाचांनीच केले. एका दमात ओळ न ओढता लांब लांब टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे, मग मधल्या जागा भरायच्या. नाहीतर पातळ पत्रा उष्णतेने पापडासारखा वाकतो.

जिथे फक्त वरवरचा गंज होता तिथे तारेच्या ब्रशने घासून मी हिरड्याचा दाट काढा लावून पाहिला. तांबडा थर काही वेळात काळा-निळा झाला. हिरड्यातले टॅनिन लोखंडाशी मिळून घट्ट काळा पदार्थ बनवते. बाजारात गंज थांबवणारी जी द्रावणे मिळतात त्यांतल्या काहींत टॅनिनच असते, आणि वस्तुसंग्रहालयांत जुनी लोखंडी हत्यारे जपायलाही ते वापरतात. गाडीच्या बाकी भागाला मी बाजारातले द्रावणच लावले, कारण त्याचे प्रमाण ठरलेले असते. पण तो काळा रंग पाहून मी थबकलो. जुन्या अरबी लेखनिकांची ‘हिब्र’ नावाची शाई याच मेळातून बनायची, मायफळातले टॅनिन आणि हिराकस. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या इब्न बादिस यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात अशा शायांच्या कृती दिलेल्या आहेत. जी रसायने कागदावर अक्षर टिकवतात, तीच गाडीचा पत्राही टिकवतात, हे मला वीस वर्षे शाई वापरून माहीत नव्हते.

शेवटी प्रायमर, अगदी थोडी लांबी, रंग. पट्टीच्या आत मेणाचा फवारा मारला आणि पाणी निघून जाण्याची खालची भोके तारेने मोकळी केली. कारखान्याने ती भोके विचार करून ठेवलेली असतात. पुष्कळ गाड्या ती बुजल्यामुळे सडतात.

चाचांनी निघताना पुन्हा लोहचुंबक लावला. या वेळी तो चिकटला. मजुरी घेताना ते म्हणाले, “मास्तर, आता घाटावर न्या.”

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही अम्मीला घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला गेलो. गाडी चढावर तापली, दोनदा थांबावे लागले. अम्मी पुढच्या सीटवर बसून बाहेर बघत होती. तिने एकदाही हळू चालव म्हटले नाही.

तो कागदाचा तुकडा मी वहीत ठेवला आहे. यंदा उर्दूच्या वर्गात ‘गंज’ शब्द आला की मुलांना दाखवणार आहे. अर्थ त्यांनीच सांगावा.